वळवाच्या मागे धावावं की वाट पाहावी?
हवामान-निरीक्षणाच्या छंदाविषयी वाचकांचे प्रश्न

गेल्या अंकात हवामान-निरीक्षणाविषयी प्रश्न मागवले होते. निम्म्याहून जास्त पत्रं वळीव, गारा आणि विजा यांच्याबद्दल आली. साधारण एकच गोष्ट विचारणारी पत्रं एकत्र करून इथे उत्तरं देत आहोत.

एप्रिल-मेमध्ये दुपारी आभाळ भरून येतं. कधी धो धो कोसळतो, कधी नुसती धूळ उडून सगळं विरून जातं. आज काय होणार, हे आधी ओळखता येतं का? (नाशिक)

बऱ्याच अंशी येतं, पण त्यासाठी पाहायला सकाळीच सुरुवात करावी लागते. सात-आठच्या सुमारास मधल्या उंचीवर छोटे ढग दिसतात का ते पाहा. त्यांचा तळ सपाट आणि वर गडाच्या तटावरच्या चर्यांसारखे बारीक बुरूज असतील, तर वरची हवा अस्थिर आहे. हे ढग दहापर्यंत विरून जातात आणि बहुतेक लोक त्यांना विसरतात. तुम्ही मात्र वेळ घालून वहीत नोंदवा, कारण दुपारच्या वादळाची ही चांगली आगाऊ खूण आहे.

दुसरी पायरी दवबिंदूची. हवेतल्या बाष्पाचं ज्या तापमानाला पाणी होऊ लागतं ते दवबिंदू तापमान; हवामानाच्या बहुतेक ॲपमध्ये ते मिळतं. दुपारच्या तापमानातून ते वजा करा आणि उत्तराला १२५ ने गुणा. ढगाचा तळ जमिनीपासून साधारण किती मीटरवर असेल, ते कळतं. तापमान ४० आणि दवबिंदू १२ अंश असेल, तर फरक २८, म्हणजे तळ सुमारे ३५०० मीटरवर. एवढ्या उंचीवरून पडणारा पाऊस वाटेतल्या कोरड्या हवेत बराचसा सुकून जातो. सुकताना तो हवा थंड करतो, ती जड हवा खाली आदळते आणि जमिनीवर पसरते. तुमच्याकडे धूळ उडते ती यामुळे. तोच दवबिंदू २० अंश असेल, तर तळ २५०० मीटरवर येतो आणि पाऊस जमिनीपर्यंत पोहोचण्याची शक्यता खूप वाढते. आम्हाला विचाराल तर वळवाचा अंदाज घेताना तापमानापेक्षा दवबिंदूला जास्त वजन द्या. ४२ अंशांचा कोरडा दिवस अनेकदा ३८ अंशांच्या दमट दिवसापेक्षा शांत जातो.

बारानंतर ढगांचा आकार पाहा. उंचीपेक्षा रुंदी जास्त असलेले कापशी ढग निरुपद्रवी असतात. ढग रुंदीपेक्षा उंच होऊ लागला आणि त्याची कड फ्लॉवरच्या गड्ड्यासारखी स्वच्छ, कोरल्यासारखी दिसत असली, तर तो जोमाने वाढतो आहे. वरची कड पिंजलेल्या कापसासारखी धूसर झाली की वर बर्फाचे कण तयार झाले असं समजा. विजा साधारण याच सुमारास सुरू होतात. शेवटी माथा लोहाराच्या ऐरणीसारखा आडवा पसरतो. हाच क्युम्युलोनिम्बस, म्हणजे गडगडाटी वादळाचा ढग.

तो किती लांब आहे, हे मुठीने मोजता येतं. हात पूर्ण लांब करून मूठ क्षितिजावर धरली की ती साधारण १० अंशांचा कोन व्यापते. आपल्याकडे वळवाच्या मोठ्या ढगाचा माथा १२ ते १५ किलोमीटर उंच जातो. १२ धरला, तर माथा एक मूठ वर दिसणारा ढग सुमारे ७० किलोमीटरवर आहे, दोन मुठी वर दिसणारा सुमारे ३३ किलोमीटरवर. दर वीस मिनिटांनी मूठ लावा. एका मुठीची दीड मूठ झाली, तर ढग तुमच्याकडे येतो आहे किंवा अजून उंच वाढतो आहे. दोन्ही गोष्टी नोंदवण्यासारख्याच.

पुष्कळांची चूक दिशेत होते. अंगाला लागणारा वारा ज्या दिशेला जातो, त्याच दिशेला वादळ जाणार असं त्यांना वाटतं. पण वाढणारं वादळ जमिनीलगतची हवा स्वतःकडे ओढून घेत असतं, त्यामुळे वारा ढगाच्या दिशेने वाहत असतानाही ढग तुमच्याकडे येऊ शकतो. वादळाला ढकलणारा वारा तीन ते पाच किलोमीटर उंचीवरचा. त्याची दिशा मधल्या थरातल्या ढगांच्या चालीवरून किंवा रडारच्या सलग चित्रांवरून काढा.

शेतात घरगुती पर्जन्यमापक ठेवायचा आहे. शीतपेयाची बाटली कापून केलेला यंदा दोनदा भरून वाहिला. पक्कं काहीतरी सुचवा. (संगमेश्वर, जि. रत्नागिरी)

कोकणात बाटलीचा मापक जुलैत अपुराच पडणार. शिवाय त्या बाटलीचा तळ खाचखळग्यांचा असतो, म्हणून पट्टीने मोजलेली उंची चुकते. पाण्याची उंची मोजण्याऐवजी पाण्याचं आकारमान मोजा, म्हणजे खालचं भांडं कुठल्याही आकाराचं चालतं.

साहित्य असं: ११० मिलिमीटरच्या पीव्हीसी पाइपचा १५ सेंटिमीटर लांब तुकडा, त्यात घट्ट बसेल असं उभ्या उताराचं प्लास्टिकचं नरसाळं, पाच लिटरचा कॅन आणि एम-सील. पाइप काटकोनात कापा. वरची कड बाहेरच्या बाजूने कानशीने घासून धारदार करा. कड जाड राहिली तर तिच्यावर पडलेला थेंब फुटतो आणि त्यातला किती भाग आत गेला हे सांगता येत नाही. नरसाळं पाइपच्या खालच्या टोकाला एम-सीलने बसवा. पाइपची वरची कड आणि नरसाळ्याचा उतार यांत किमान १० सेंटिमीटर उभी भिंत राहिली पाहिजे, नाहीतर जोराच्या सरीत थेंब उसळून बाहेर जातात. नरसाळ्याची नळी कॅनच्या तोंडात खोल जाऊ द्या. फट राहिली तर तिथून पाणी वाफ होऊन जातं आणि बाहेरचं ओघळून आत येतं.

आता पाइपचा आतला व्यास मोजा. ११० हा बाहेरचा व्यास आहे, आतला जाडीनुसार बदलतो. तीन दिशांनी मोजून सरासरी घ्या. समजा १०.५ सेंटिमीटर भरला. त्रिज्या ५.२५, क्षेत्रफळ ८६.६ चौरस सेंटिमीटर. सूत्र सोपं आहे: पाणी मिलिलिटरमध्ये, भागिले क्षेत्रफळ, गुणिले १०, म्हणजे पाऊस मिलिमीटरमध्ये. ८६६ मिलिलिटर पाणी जमलं तर पाऊस १०० मिलिमीटर. तुमचा पाच लिटरचा कॅन ५७७ मिलिमीटरपर्यंत पुरतो. व्यास मोजताना एक मिलिमीटर चुकलं, तर पावसात सुमारे दोन टक्के चूक शिरते आणि ती रोज शिरत राहते. म्हणून मापाला घाई नको.

मोजायला २५० मिलिलिटरचं मोजपात्र घ्या. ते नसेल तर स्वयंपाकघरातला डिजिटल वजनकाटा उत्तम. एक ग्रॅम म्हणजे एक मिलिलिटर. रिकाम्या कॅनचं वजन आधी लिहून ठेवा, बाहेरून कोरडा पुसा आणि मग काट्यावर ठेवा.

जागा हा यातला सर्वांत कठीण भाग. पाइपची कड जमिनीपासून सुमारे ३० सेंटिमीटर उंच ठेवा. त्याहून खाली नेलीत तर चिखलाचे शिंतोडे आत उडतात, वर नेलीत तर वाऱ्याने पाऊस चुकतो. झाड, भिंत, गोठा यांच्यापासून त्यांच्या उंचीच्या निदान दुप्पट अंतर सोडा. तीन मीटरची भिंत असेल, तर सहा मीटर दूर. कॅनभोवती विटा रचा, नाहीतर वादळात तो आडवा होतो. गच्चीशिवाय पर्याय नसेल, तर कठड्यापासून दूर मध्यभागी ठेवा आणि 'गच्चीवर मोजला' असं वहीच्या पहिल्या पानावर लिहा. आठवड्यातून एकदा नरसाळं पाहा. एक वाळकं पान नळीवर बसलं की पुढचा सगळा पाऊस पाइपमध्ये साचतो आणि ऊन पडलं की वाफ होऊन जातो.

शेजारच्या गावाशी आकडा जुळला नाही, तर मापक बिघडला असं लगेच समजू नका. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि त्याच मुंबईत कुलाब्याला ७४.

मोजमाप रोज किती वाजता घ्यायचं? रात्री पडलेला पाऊस कोणत्या तारखेला लिहायचा? (बारामती)

सकाळी साडेआठला. भारतीय हवामान विभागाचा पावसाचा दिवस साडेआठला संपतो. १२ जूनच्या सकाळी मोजलेलं पाणी १२ जूनच्या नावावर लिहायचं, त्यातला बहुतेक पाऊस ११ तारखेला पडलेला असला तरीही. ही वेळ पाळलीत तरच तुमच्या आकड्याची सरकारी आकड्याशी तुलना होते. २.५ मिलिमीटर किंवा जास्त झाला तर तो 'पावसाचा दिवस'. ६४.५ पासून मुसळधार, ११५.६ पासून अतिमुसळधार आणि २०४.५ पासून अत्यंत मुसळधार.

परदेशातल्या स्टॉर्म चेसर्सचे व्हिडिओ पाहून मी आणि मित्र मोटारसायकलवरून वादळाच्या मागे जाऊ लागलो. पण पोहोचेपर्यंत दरवेळी वादळ संपलेलं असतं. आमचं काय चुकतं? (सोलापूर)

आधी मोटारसायकलबद्दल. ती घरी ठेवा, अगदी आजपासून. विजेपासून दुचाकीवर काहीही संरक्षण नाही. गारा थेट अंगावर येतात आणि वाऱ्याचा झोत आडवा आला तर गाडी रस्त्याबाहेर जाते. बंद, धातूच्या छताची चारचाकी असेल तरच पुढचं वाचा.

तुमचं चुकतं ते वादळाच्या आयुष्याचं गणित. अमेरिकेच्या मैदानात वसंत ऋतूत जमिनीजवळ आणि उंचावर वाऱ्याचा वेग व दिशा यांत मोठा फरक असतो. त्यामुळे वादळ कलतं, वर चढणारी हवा आणि खाली पडणारा पाऊस वेगवेगळ्या जागी राहतात, आणि तेच वादळ काही तास जगतं. आपल्याकडे मेमध्ये वरचे वारे मंद असतात. ढग सरळ उभा वाढतो, त्याचाच पाऊस त्याच्याच वर चढणाऱ्या हवेवर पडतो आणि अर्ध्या ते एका तासात तो स्वतःला विझवतो. तुम्ही ६० किलोमीटर गाडी हाकून पोहोचता, तोवर त्या ढगाचा जीव गेलेला असतो.

मात्र मरताना त्याने सोडलेली थंड हवा जमिनीलगत पसरत जाते, पुढची उष्ण दमट हवा वर उचलते आणि तिथे नवा ढग उभा राहतो. तुम्हाला हवी आहे ती ही जागा. म्हणून दिसणाऱ्या ढगाकडे धावू नका. वादळ ज्या दिशेने सरकतं आहे, त्या बाजूला २० ते ३० किलोमीटर पुढे, उघड्या माळरानाजवळ आधीच जाऊन थांबा. सोलापूर परिसरात सपाट माळ भरपूर आहेत, क्षितिज दूरपर्यंत मोकळं दिसतं. या छंदासाठी तुमची जागा कोकणापेक्षा कितीतरी सरस आहे. सह्याद्रीत डोंगर आड येतात आणि ढग डोक्यावर येईपर्यंत दिसतच नाही.

थांबण्याची जागा निवडताना चार गोष्टी तपासा. गाडीचं तोंड परतीच्या दिशेला असावं. निघायला दोन वेगवेगळे रस्ते असावेत. वाटेत फरशी पूल किंवा ओढा नसावा, कारण वरच्या अंगाला पडलेल्या पावसाने तो तुमच्याकडे थेंब नसतानाही भरतो. गाडी जुन्या झाडाखाली, होर्डिंगखाली किंवा विजेच्या तारांखाली लावू नये. वळवात माणसं दगावण्याचं वीज हे एक मोठं कारण, आणि कोसळणारी झाडं व पत्रे हे दुसरं. एकाने गाडी चालवायची, रडार आणि आभाळ दुसऱ्याने पाहायचं. अंधार पडला की घरी. रात्री ढगाचा तळ दिसत नाही, म्हणजे निरीक्षणही होत नाही आणि धोका मात्र तेवढाच राहतो.

मार्च आणि एप्रिलच्या सुरुवातीचे काही दिवस वेगळे असतात. पश्चिमेकडचे उंचावरचे जोरदार वारे तेव्हा अजून दक्षिणेला असतात, बंगालच्या उपसागराकडून दमट हवा येते, आणि वादळं जास्त जगतात. २०१४ च्या फेब्रुवारीअखेर आणि मार्चमध्ये मराठवाडा, विदर्भ, उत्तर महाराष्ट्र गारपिटीने झोडपला गेला, तो असाच काळ होता. अशा दिवशी माळावर थांबूही नका. गारांनी गाडीची काच फुटते.

आभाळ वाजायला लागलं की शेतातून किती वेळात निघावं? झाडाखाली थांबलं तर निदान भिजणं तरी वाचतं. (लातूर)

झाडाखाली थांबू नका. वीज झाडावर पडली की खोडावरून बाजूच्या माणसावर उडी घेते, आणि मुळांपासून जमिनीत पसरते. जमिनीतून पसरताना दोन पायांच्या मधल्या अंतरात विजेचा दाब वेगवेगळा असतो, त्यामुळे प्रवाह एका पायातून चढून दुसऱ्यातून उतरतो. जनावराच्या पुढच्या आणि मागच्या पायांत अंतर जास्त आणि मध्ये हृदय. झाडाखाली बांधलेले बैल एकाच विजेने मरतात ते म्हणून. त्यांचीही दावी आधी सोडा.

वीज दिसल्यापासून आवाज येईपर्यंत सेकंद मोजा आणि तीनने भागा. आलेलं उत्तर म्हणजे किलोमीटर. ३० सेकंद किंवा कमी आले, तर वीज १० किलोमीटरच्या आत आहे. पुढची तुमच्या शेतात पडू शकते, पाऊस सुरू झालेला नसला तरी. त्याक्षणी काम सोडा. शेवटचा गडगडाट ऐकल्यानंतर ३० मिनिटं बाहेर पडू नका. पाऊस थांबला म्हणून लगेच निघालेली माणसं विजेत सापडतात, कारण मागे रेंगाळणाऱ्या ऐरणीसारख्या ढगमाथ्यातूनही वीज पडते.

सुरक्षित जागा दोनच: चार भिंतींचं पक्कं घर, किंवा काचा वर केलेली धातूच्या छताची गाडी. पत्र्याची उघडी शेड, मचाण, रिक्षा, उघडा ट्रॅक्टर यांचा उपयोग नाही. गाडीत टायरमुळे वाचतो हा गैरसमज आहे. धातूचं कवच प्रवाह बाहेरून जमिनीत नेतं म्हणून वाचतो. पायातल्या रबरी चपलांनी काही होत नाही. घरात असताना नळ, तारेची उपकरणं आणि खिडक्यांपासून दूर राहा. चार्जिंगला न लावलेला मोबाइल वीज ओढत नाही, तो खुशाल वापरा.

घर लांब असेल तर झाड, विहिरीचा काठ, तारेचं कुंपण यांपासून दूर व्हा, पाय जुळवून उकिडवे बसा, जमिनीवर आडवे होऊ नका. चार माणसं असाल तर एकमेकांपासून लांब लांब बसा. हे संरक्षण नव्हे, धोका थोडासा कमी करणं आहे. म्हणून त्या वेळेपर्यंत येऊच देऊ नका. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचं 'दामिनी' ॲप तुमच्या आसपास नुकत्याच पडलेल्या विजा दाखवतं आणि इशारा देतं. शेतात रेंज नसेल, तर घरी असणाऱ्याला ते पाहायला सांगून हाक मारण्याची खूण ठरवा.

वीज लागलेल्या माणसाच्या अंगात वीज उरत नाही. लगेच हात लावा. श्वास नसेल तर छाती दाबणं सुरू करा, मिनिटाला १०० ते १२० वेळा, आणि दुसऱ्याला १०८ लावायला सांगा.

रडारच्या चित्रात आमच्याकडे काहीच नसतं आणि बाहेर मात्र मुसळधार चाललेला असतो. रडार बंद असतं का? (महाबळेश्वर)

रडार चालू असतं, पण त्याची किरणं तुमच्या पावसाच्या डोक्यावरून जातात. सर्वांत खालची किरण जमिनीशी साधारण अर्धा अंश कोन करून निघते. पृथ्वी गोल असल्यामुळे जसजसं अंतर वाढतं तसतशी ती जमिनीपासून वर वर जाते: १०० किलोमीटरवर सुमारे दीड किलोमीटर, २०० किलोमीटरवर सुमारे चार. घाटात जुलैतला पाऊस डोंगराला अडलेल्या ढगांतून पडतो आणि हे ढग बुटके असतात. त्यात सह्याद्रीचे माथे किरणांना आड येतात. वळवाचा ढग मात्र १२ किलोमीटर उंच असल्याने रडारला दुरूनही दिसतो. थोडक्यात, तुमच्याकडे रडार मेमध्ये उपयोगी आणि जुलैत अपुरं. जुलैत मापकावर विसंबा.

चित्र वाचताना रंगाशेजारची डीबीझेड पट्टी पाहा; पावसावरून रडारकडे परतणारा संकेत किती जोरदार आहे, ते ती सांगते. २० च्या आसपास भुरभुर, ४० च्या वर जोराचा, ५० च्या वर गेला की गारांची शंका घ्या. चित्रावरची वेळ दरवेळी वाचा. ती जागतिक वेळेत असेल तर साडेपाच तास मिळवावे लागतात. हे न केल्यामुळे कालचं वादळ आज शोधत बसणारे पुष्कळ असतात.

मोबाइलमधला वायुभारमापक रोज दुपारी उतरतो. रोज वादळ तर येत नाही. सेन्सर खराब आहे का? (कोल्हापूर)

सेन्सर ठीक आहे. आपल्या अक्षांशांवर हवेचा दाब दिवसात दोनदा चढतो आणि दोनदा उतरतो: सकाळी आणि रात्री दहाच्या सुमारास जास्त, पहाटे आणि दुपारी चारच्या सुमारास कमी. दुपारचा उतार तीन-चार हेक्टोपास्कलचा असू शकतो. 'दाब उतरला की वादळ' हा नियम थंड प्रदेशांतल्या पुस्तकांतून आला आहे, तिथे ही रोजची लाट अगदी क्षीण असते. तुम्ही आजच्या चारची तुलना कालच्या चारशी करा. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरहून उंच, त्यामुळे तुमचा आकडा ९४५ ते ९५० च्या आसपास दिसणार. बातम्यांतल्या १००८ शी तो जुळवू नका.

वळवाच्या वेळी दर मिनिटाला दाब आणि तापमान लिहून पाहा. थंड झोत येताच तापमान काही मिनिटांत आठ-दहा अंशांनी उतरतं आणि दाब एक-दोन हेक्टोपास्कलने वर उडी मारतो. जड थंड हवेचं ओझं डोक्यावर आल्याची ही नोंद. घरबसल्या मिळणाऱ्या नोंदींत याहून सुंदर आलेख नाही.

स्वयंचलित हवामान केंद्र घेतलं. ते साध्या मापकापेक्षा पाऊस कमी दाखवतं. (पुणे)

आतली हेलकावणारी पळी, म्हणजे ठरावीक पाणी भरलं की उलटून पाऊस मोजणारं छोटं भांडं, जोराच्या सरीत मागे पडते. ती उलटत असताना पडलेलं पाणी मोजलं जात नाही. आधी कोळ्याचं जाळं आणि माती साफ करा, पाणसळीने तळ सपाट करा. मग तपासा: तोंडाचा व्यास १६ सेंटिमीटर असेल तर २०० मिलिलिटर पाणी म्हणजे १० मिलिमीटर. तळाला बारीक भोक पाडलेल्या बाटलीतून ते पाऊण तासात थेंब थेंब सोडा. पळी दर ०.२ मिलिमीटर पावसाला उलटणारी असेल, तर साधारण ५० वेळा हलली पाहिजे. ४५ वेळाच हलली, तर खालचे स्क्रू फिरवून जुळवा. साधा मापक काढून टाकू नका. एकूण पाऊस त्याचा आणि वेळ यंत्राची, अशी वाटणी करा.

इथे टेक्सासात राहतो. टोर्नेडो पाहण्याची फार इच्छा आहे. सुरुवात कुठून करावी? (डॅलस)

प्रशिक्षणापासून. अमेरिकेच्या राष्ट्रीय हवामान सेवेचे 'स्कायवॉर्न' निरीक्षक वर्ग विनामूल्य असतात. भिंतीसारखा खाली उतरलेला ढग, गारांचा पट्टा, फिरणारा तळ यांतला फरक तिथे शिकवतात. पहिली दोन वर्षं अनुभवी माणसासोबतच जा. ईशान्येकडे सरकणाऱ्या वादळाच्या आग्नेयेला राहणं, पावसाच्या गाभ्यातून गाडी न घालणं आणि दक्षिणेकडचा रस्ता कायम मोकळा ठेवणं, हे तिथले मूळ नियम. पण तेही पुरत नाहीत. ३१ मे २०१३ ला ओक्लाहोमातल्या एल रीनोजवळचा टोर्नेडो चार किलोमीटरहून रुंद झाला आणि त्याने अचानक दिशा व वेग बदलला. टिम सॅमरस, त्यांचा मुलगा पॉल आणि सहकारी कार्ल यंग हे मुरलेले अभ्यासक त्यात गेले. वादळाच्या इतक्या जवळ जाण्याचं कारण त्यांच्याकडे संशोधनाचं होतं. तुमच्याकडे ते नाही, म्हणून दहा-पंधरा किलोमीटर दूर राहा. मैदानात तिथूनही संपूर्ण वादळ दिसतं, आणि जवळ गेल्यावर जे पाऊस झाकतो तेही.

विजेचा फोटो मोबाइलवर येतो का? (ठाणे)

रात्री येतो. प्रो मोडमध्ये आयएसओ १००, शटर १० ते १५ सेकंद, फोकस हाताने अनंतावर. मोबाइल खिडकीच्या आतल्या बाजूला स्टँडवर ठेवा, घरातले दिवे बंद करा, दोन सेकंदांचा टायमर लावा आणि एकामागून एक काढत राहा. चित्र पांढरं झालं तर शटर कमी करा. शहराच्या उजेडात पाच सेकंदही पुरतात. गच्चीवर स्टँड घेऊन जाऊ नका.

मी नववीत आहे. शाळेच्या प्रकल्पासाठी वही करतेय. जूनमधला पहिला पाऊस वळवाचा की मोसमी, हे कसं ठरवू? (वर्धा)

एका पावसावरून ठरवू नकोस, तीन-चार दिवसांच्या नोंदी समोर ठेव. वळवाचा पाऊस बहुतेक दुपारनंतर येतो, आधी वारा सुटतो, विजा कडकडतात, थेंब टपोरे असतात आणि तासाभरात उघडीप होते. मोसमी पाऊस पहाटेही येतो, मध्यरात्रीही. ढग खाली, विस्कटलेले आणि पश्चिम-नैऋत्येकडून पळताना दिसतात. गडगडाट कमी होतो. तुमच्या विदर्भात मोसमी पावसातही विजा होतात, म्हणून एकट्या विजेवर जाऊ नकोस. दिवसाचं कमाल आणि रात्रीचं किमान तापमान यांतलं अंतर लिही. मेमध्ये ते १३-१४ अंश असतं, पाऊस स्थिरावला की सहा-सात अंशांवर येतं. हा आकडा सर्वांत भरवशाचा. मृग नक्षत्र ७-८ जूनला लागतं तेही तारखेसोबत लिही, आजीआजोबांशी बोलायला उपयोगी पडेल. पण नक्षत्र सूर्याच्या स्थितीवर ठरतं, ते दरवर्षी जवळपास त्याच तारखेला येतं, आणि पाऊस तसा येत नाही.

वहीत सहा रकाने आख: तारीख-वेळ, कमाल-किमान तापमान, वाऱ्याची दिशा, आभाळाचे आठपैकी किती भाग झाकलेत, ढगांचा प्रकार, पाऊस. थर्मामीटर सावलीत, भिंतीला न चिकटवता, जमिनीपासून सव्वा मीटरवर टांग. पाऊस पडला नाही त्या दिवशी रकाना मोकळा सोडू नकोस, शून्य लिही. मोकळ्या जागेवरून त्या दिवशी पाऊस नव्हता की तू मोजायला विसरलीस, हे नंतर तुलाही सांगता येणार नाही.